पॉइंटवाले आप्पा

दौंडमधले लोक त्यांना येडा म्हणायचे. मी दलाल म्हणायचे. दोन्ही त्यांच्या कानावर होतं. येडा म्हटलेलं त्यांना लागायचं, दलाल म्हटलेलं लागत नव्हतं, आणि याचाच मला जास्त संताप यायचा. ज्याला दलाल म्हटलेलं लागत नाही तो दलालच असणार, असं माझं तेव्हाचं साधं तर्कशास्त्र होतं.

मी तेव्हा शिरूरजवळच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगारांची संघटना बांधत होते. बांधत होते म्हणजे पत्रकं लिहायची, झेरॉक्स काढायच्या, शिफ्ट सुटताना गेटवर वाटायच्या आणि वॉचमन हाकलेपर्यंत बोलायचं. आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. मीटिंग ठेवायची तर गुरुवारीच. आणि ज्यांच्या तोंडात जीभ होती, जे साहेबासमोर दोन वाक्यं बोलू शकले असते, नेमके तेच गुरुवारी गायब. विचारलं तर उत्तर एकच: "दौंडला गेलो व्हतो, ताई. आप्पांकडं. पॉइंट मोजायला."

रेल्वेतून रिटायर झालेला एक कारकून दौंडच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत बसतो आणि वेल्डर-फिटर लोकांना परदेशी कसं जायचं ते शिकवतो, हे मला असं कळलं. मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. मथळा होता: 'माणसांची प्रतवारी करणाऱ्यांचा धिक्कार असो'. शिरूरच्या मार्केट यार्डात कांदा निवडतात तसं हे देश आमची माणसं निवडतात, असं मी लिहिलं होतं. आकार बघतात, रंग बघतात, कोंब फुटलेला बाजूला टाकतात. जिल्हा परिषदेच्या शाळेनं शिकवलं, आयटीआयनं हाताला वळण लावलं, आईबापांनी भाकरी घातली, आणि तयार झालेला माणूस हे उचलून नेणार. वर म्हणणार, पंचेचाळिशीच्या पुढचा नको. यातलं एक अक्षरही मी आज मागं घेणार नाही.

ते पत्रक घेऊन मी दौंडला गेले. तोंडावर द्यायचं ठरवलं होतं.

आप्पा पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. भर उन्हात अंगात रेल्वेचा काळा कोट. त्यांनी पत्रक घेतलं, चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि खिशातलं पेन काढून खाली काहीतरी लिहून परत दिलं. मी बघितलं. 'भाषा: चांगली. तळमळ: भरपूर. पुरावा: शून्य. एकूण: नापास.'

"बसा, पुढारीणबाई," ते म्हणाले. "नापास झाला म्हणून कुणी उभं राहात नाही."

आतून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "त्यांचं मनावर घेऊ नगा, बाई. लग्नाआदी मला बघायला आलं तवा मलाबी काठावर पास केलं व्हतं त्यांनी."

"स्वयंपाकाचे गुण बघितले नव्हते तेव्हा," आप्पा म्हणाले. "नंतर वाढवले की."

हा माणूस सगळ्याला गुण द्यायचा. भाजीवालीच्या मेथीला, आमदाराच्या भाषणाला, एसटीच्या ड्रायव्हरला. प्लॅटफॉर्मवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला विचारायचा, "वय किती? शिक्षण? हाताला काय येतं?" आणि तो माणूस गाडीत चढेपर्यंत त्याची बेरीज सांगून मोकळा. एकदा वस्तीतल्या एका शोकसभेत त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "माणूस म्हणून बासष्ट. पास." आणि बसले. घरचे चिडले. महिन्याभरानं त्या मयताचा भाऊ घरी आला, म्हणाला, बाकीचे अडतीस कुठं गेले ते सांगा. आप्पांनी एकेक करून सांगितले. भाऊ ऐकत गेला आणि शेवटी म्हणाला, "व्हय, दारूचे जरा जास्तच कापायला पायजे व्हते तुमी."

पण त्यांचं खरं वेड त्या परदेशी याद्यांचं होतं. आपल्याकडं पक्कं आहे की परदेशी जायचं तर वशिला लागतो, नाहीतर एजंट. आप्पा सांगायचे की काही देशांत उघडा हिशेब असतो. वयाचे इतके, शिक्षणाचे इतके, अनुभवाचे इतके, इंग्रजीचे इतके. बेरीज ठरलेल्या रेषेच्या वर गेली की दार उघडतं. कॅनडाची रीत वेगळी, ऑस्ट्रेलियाची वेगळी, न्यूझीलंडची वेगळी. तिन्ही त्यांना तोंडपाठ. कॅनडाच्या जुन्या रीतीत मुलाखत घेणाऱ्या साहेबाच्या हातात दहा गुण असायचे, माणूस कसा वाटतो याचे. त्या दहांवर आप्पांचा भारी राग.

"हे दहा मर्जीचे," ते म्हणायचे. "तेवढी घाण आहे त्यात."

"आणि बाकीचं काय पवित्र आहे?" मी म्हणाले. "माणसाला आकडा लावतात, आप्पा. आकडा."

"आणि इथं काय लावतात?"

मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. आप्पांचं प्रमोशन रेल्वेत तीनदा अडलं. दर वेळी त्यांच्या हाताखाली शिकलेला कुणीतरी पुढं गेला. वरच्या साहेबाचा शेरा असायचा, आणि तो शेरा गोपनीय. कशात कमी पडलो, हे यांना कधी कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, आडनाव वाचलं की कळत होतं. मग वयानं बसत होते तेव्हा यांनी कॅनडाला अर्ज केला. तिकडून नकार आला.

"धंदा टायपिंगचा, म्हणून त्याचे शून्य," काकू म्हणाल्या. "यांना सोताला कुणी घेतलं न्हाई, आन् हे गावाला पाठवत्यात."

आप्पांनी शेंग फोडली. "पण त्यांनी लिहून पाठवलं," ते म्हणाले. "वयाचे इतके दिले, भाषेचे इतके दिले, धंद्याला शून्य, म्हणून नाही. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी सांगितलं की मी कशात नापास झालो. त्यात जातीला रकाना नव्हता, पुढारीणबाई. मी तो कागद घेऊन आठवडाभर खुशीत होतो. तेव्हापासून लोक मला येडा म्हणतात."

मी चहा प्यायले. पण प्रतवारी ती प्रतवारीच, हेही सांगून आले. ते म्हणाले, "कांद्याला निदान भाव कळतो. तुमच्या शेडमधल्या माणसांना कळतो का?"

त्या शेडमध्ये सुदाम होता, गुरुवारी दौंडला जाणाऱ्यांतलाच. इनामगावचा. घोड नदीच्या काठाला जमिनीचा एक तुकडा, तो थोरला भाऊ बघायचा. सुदाम आयटीआय करून नऊ वर्षं एकाच कंपनीत, एकाच शेडमध्ये. स्टेनलेस स्टीलच्या मोठाल्या टाक्या जोडायचा. औषधांच्या, रसायनांच्या कारखान्यांना जाणाऱ्या टाक्या. जोड इतके नाजूक की पक्का झालाय का हे एक्स-रे काढून बघतात. आणि हा माणूस ठेकेदाराच्या मस्टरवर कोण? हेल्पर. नऊ वर्षं हेल्पर. पगार हेल्परचा, ओळखपत्र हेल्परचं, हाक हेल्परची. त्या शेडमधले सगळेच वेल्डर असे कागदावर हेल्पर होते. माझी सगळी पत्रकं याच एका लबाडीवर होती, आणि त्या पत्रकांनी कंपनीचं आजवर काहीही वाकडं झालं नव्हतं.

आप्पांनी सुदामची बेरीज केली. ऑस्ट्रेलियाच्या यादीत वेल्डर होता. वय चौतीस, शिक्षण, अनुभव, इंग्रजी पास झाला तर इंग्रजी. अगदी काठावर बसत होता. पण पस्तीस लागली की वयाचे पाच गुण जाणार होते, आणि पाच गेले की सुदामही गेला.

पस्तीस लागणार होती एक जूनला. आता सुदाम जन्मला दिवाळीच्या मागंपुढं, त्याच्या आईला बाजरीची खळी आठवत होती. पण शाळेत घातलं तेव्हा मास्तरांना रकाना भरायचा होता, आईला तारीख सांगता येत नव्हती, मास्तरांनी एक जून टाकली. आमच्या तालुक्यातले अर्धे लोक एक जूनलाच जन्मलेत. माझे वडीलसुद्धा. त्यावर आम्ही आयुष्यभर हसलो आहोत. आप्पा हसले नाहीत.

"एका मास्तरानं रकाना भरला आणि पाच पॉइंट खाल्ले," ते म्हणाले. "एक जूनच्या आत सगळं तिकडं पोचलं पाहिजे. त्याच्या आधी तिकडची माणसं कागदावरून ठरवणार, हा वेल्डर आहे का नाही. त्याला काही महिने जातात. म्हणजे कंपनीचं पत्र दिवाळीच्या आत हवं. नऊ वर्षं हा काय काम करतो, कुठल्या मशीनवर, कुठल्या धातूवर, सगळं लिहिलेलं."

"कंपनी देणार नाही," मी म्हणाले. "एकाला वेल्डर म्हणून पत्र दिलं तर उद्या अख्खा शेड वेल्डरचा पगार मागेल."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मग तर तुम्ही यायलाच पाहिजे," ते म्हणाले.

अशी मी दलालाच्या बाजूनं लढायला लागले.

पत्राच्या आधी आप्पांनी सुदामला शिकवायला घेतलं. त्याची अडचण इंग्रजीची नव्हती. अडचण अशी की स्वतःच्या कामाबद्दल त्याच्या तोंडातून शब्दच फुटायचा नाही. तू काय काम करतोस, असं मराठीत विचारलं तरी मान खाली जायची आणि उत्तर यायचं, "सायेब सांगतील ते." हे फक्त सुदामचं नाही. आमच्याकडं हातात कला असलेला कुठलाही माणूस असंच बोलतो. मी केलं म्हणणं म्हणजे माज. गवंड्याला विचारा, सुताराला विचारा. सगळं आपोआप होतं, नाहीतर साहेबाच्या कृपेनं.

"तिकडं हे चालत नाही," आप्पा ओरडायचे. "तिकडं साहेब सांगतील ते करणाऱ्याला शून्य. तू करतोस ते सांग."

दौंडच्या स्टेशनवरचा पादचारी पूल ही त्यांची शाळा. गुरुवारी सुदाम इनामगावहून एम-एटी दुचाकीवर यायचा, आणि आप्पा त्याला पुलाच्या एका टोकाला उभं करून स्वतः दुसऱ्या टोकाला जायचे. खालून मालगाडी जायला लागली की हात वर करायचे. मग सुदामनं आपलं काम इंग्रजीत सांगायचं, आणि ते पलीकडं ऐकू गेलं पाहिजे. मालगाडी संपेपर्यंत. दौंड जंक्शन आहे, तिथं मालगाड्यांना तोटा नाही. पहिल्या दिवशी सुदामचे नुसते ओठ हलताना दिसले. पुण्याच्या लोकलमधून उतरलेले लोक थांबून बघायचे. एक हमाल म्हणाला, "आप्पा, ह्येला गाडीखाली घालायचा इचार हाय का?"

"त्याला साहेबाखालून काढायचा विचार आहे," आप्पा म्हणाले.

सुदामचे चुलते गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांना हे आवडलं नव्हतं. मी सुदामच्या घरी गेले तेव्हा माझ्यासमोरच म्हणाले, "शिकायचं तर शीक. पर त्या वस्तीत जाऊन बसायची काय गरज?" सुदाम मान खाली घालून उभा. त्याची बायको मंगल भाकऱ्या थापत होती, तिनं चुलीकडचं तोंड वळवलं नाही. "मग आपल्या वस्तीत कोण शिकवतंय, आप्पासाहेब?" एवढंच म्हणाली. चुलत्यांनाही घरात आप्पासाहेबच म्हणायचे. ते उठून गेले. मग तिनं मला विचारलं, "ताई, तिकडं गेल्यावर तरी ह्यांला वेल्डर म्हणतील ना? का तिकडंबी हेल्परच?"

मला याच्यावर पत्रक लिहिता आलं असतं. त्याऐवजी मी पिठाची परात तिच्याकडं सरकवली.

कंपनीकडं आम्ही रीतसर अर्ज केला. कंपनीनं ठेकेदाराकडं बोट दाखवलं. ठेकेदारानं मस्टरकडं बोट दाखवलं. मस्टरवर हेल्पर. दसरा जवळ आला. मी गेटसमोर उपोषणाला बसते म्हणाले. आप्पा म्हणाले, "बसा. चार किलो कमी व्हाल. पत्र नाही मिळायचं." आणि मग सुदामकडं वळून असंच काहीतरी विचारत गेले, टाकी कोण तपासतं, कधी तपासतं, नापास झाली तर कुणाला धरतात.

सुदाम म्हणाला, "नंबरावरनं धरत्यात."

"कुठला नंबर?"

मग ते बाहेर आलं. टाकी विकत घेणारा गिऱ्हाईक आपला तपासनीस पाठवतो. तो तपासनीस आधी वेल्डरची परीक्षा घेतो. पास झालेल्याला एक नंबर मिळतो, आणि त्या माणसानं केलेल्या प्रत्येक जोडाशेजारी तो नंबर स्टीलमध्ये ठोकतात. उद्या टाकी फुटली तर कुणाच्या हातचा जोड ते कळावं म्हणून. सुदाम सात नंबर. परीक्षा देताना तो वेल्डर, टाकी फुटली तर वेल्डर, पगाराच्या दिवशी हेल्पर. नऊ वर्षं हे त्याला वावगं वाटलं नव्हतं, आणि मलाही कुणी सांगितलं नव्हतं, कारण शेडमधल्या कुणाला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आप्पा मात्र लग्न ठरल्यासारखे उठले आणि कोटाची बटणं लावायला लागले.

आमचं नशीब असं की तेव्हाच त्या शेडमधली एक टाकी रस्त्यावर होती. दौंडच्या अलीकडं, खाली लोंबलेल्या विजेच्या तारांमुळं मोठा ट्रेलर अडकून पडला होता. तारा वर घ्यायला वीज मंडळाची माणसं यायची होती, तोवर ड्रायव्हर ढाब्यावर झोपलेला. आप्पांनी दौंडमधल्या फोटो स्टुडिओवाल्याला उचलला. त्यानं आजवर फक्त लग्नं आणि बारशी काढली होती. ट्रेलरवर चढून सुदामनं गमछ्यानं धूळ पुसली. जोडाच्या कडेला पांढऱ्या रंगाचं वर्तुळ, आणि आत ठोकलेला सात. थोडं पुढं पुन्हा सात. पुन्हा सात. सुदाम एकेका सातावरून बोट फिरवत होता.

"जरा हसा," फोटोवाला म्हणाला. "अन् नवरीकडं, आपलं, टाकीकडं मान करा."

सुदाम हसला. त्या फोटोची प्रत माझ्याकडं आहे. कंपनीतल्या नऊ वर्षांतला त्याचा एकमेव फोटो, तोही कंपनीबाहेरचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्लँट मॅनेजरसमोर. आप्पा, मी, सुदाम. खुर्च्या दोनच होत्या. सुदाम उभा राहिला. मॅनेजरनं जुनीच रेकॉर्ड वाजवली. "हा माणूस आमचा नाहीच, ठेकेदाराचा आहे. आणि हेल्पर आहे."

"बरोबर," आप्पा म्हणाले. "मग तेवढंच लिहून द्या."

"काय?"

"या टाकीचे जोड हेल्परनं केले, असं. कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यासह." आणि फोटो टेबलावर मांडले, पत्ते मांडावेत तसे.

मॅनेजरनं एकेक उचलून बघितला. टाकी ज्याच्याकडं चालली होती तो गिऱ्हाईक परीक्षा पास झालेल्या वेल्डरशिवाय जोड घेत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. हेल्पर म्हटलं तर टाकी परत. वेल्डर म्हटलं तर पत्र द्या.

"हे कुठं काढले?"

"रस्त्यावर. टाकी रस्त्यावर, म्हणून फोटोही रस्त्यावर."

"ही दादागिरी आहे."

"नऊ वर्षं वेल्डरला हेल्पर म्हणणं ही काय आहे?" मी म्हणाले. "समाजसेवा?"

"पुढारीणबाई, थांबा," आप्पा म्हणाले. "साहेब विचार करतायत. त्यांना वेळ द्या. मी रिटायर्ड आहे, मला संध्याकाळपर्यंत काही काम नाही."

पंखा फिरत होता. मॅनेजरनं आमच्यावरून नजर काढली आणि सुदामवर धरली. त्यातल्या त्यात तोच मऊ वाटला असणार. अगदी गोड आवाजात विचारलं, "काय रे सुदाम, तूच सांग. तू काय काम करतोस?"

नऊ वर्षं या खोलीत या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते आलं असतं तर फोटो, टाकी, तपासनीस सगळं पाण्यात. सुदामची मान खाली गेली होती. आप्पांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी फक्त हात वर केला, पुलावर करायचे तसा.

सुदाम बोलला. इंग्रजीत बोलला, आणि मालगाडीवर बोलायची सवय असलेल्या आवाजात बोलला. "आय वेल्ड स्टेनलेस स्टील टँक. आय रीड द ड्रॉइंग. आय सेट द मशीन. माय जॉइंट पास एक्स-रे. माय नंबर इज सेव्हन." दारातला शिपाई आत डोकावला. शेजारच्या खोलीतलं टायपिंग बंद पडलं. सुदाम थांबायला तयार नव्हता, मालगाडी संपली नव्हती त्याची. आप्पांनी हात खाली केला तेव्हा कुठं थांबला.

मॅनेजर पाणी प्यायला. मग घंटी वाजवून टायपिस्टला बोलावलं.

पहिलं पत्र आलं त्यात लिहिलं होतं 'हेल्पर-कम-वेल्डर'. आप्पांनी ते वाचून परत केलं. "तिकडं असा प्राणी नाही," म्हणाले. दुसऱ्यात 'असिस्टंट वेल्डर'. परत. टायपिस्ट वैतागला. आप्पा उठून त्याच्या मशीनसमोर बसले. ज्या धंद्याला त्यांना शून्य मिळालं होतं, त्या धंद्यात हा माणूस काय होता ते मी त्या दिवशी पाहिलं. धातू, जाडी, मशीन, नकाशा, तपासनिसाची परीक्षा, नऊ वर्षं, सगळं सुदामला विचारत विचारत त्यांनी चुकीशिवाय उतरवलं. पदाच्या जागी एकच शब्द. वेल्डर. मॅनेजरनं सही केली.

थंडीत तिकडून निकाल आला. सुदामला वेल्डर म्हणून मान्यता. इंग्रजीची परीक्षा पुण्यात झाली, ती तो पास झाला. बोलण्याच्या पेपरात परीक्षक बाईंनी त्याला दोनदा आवाज कमी करायला सांगितला म्हणे. एक जूनच्या आत अर्ज गेला. मास्तरांचे पाच वाचले.

वेल्डर म्हणून मान्यतेचा कागद आला त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. आयुष्यातलं सगळ्यात लहान. त्यात धिक्कार नव्हता, कांदे नव्हते. शेडमधल्या प्रत्येकाचं नाव, त्याचा टाकीवरचा नंबर, आणि मस्टरवरचं पद. खाली एक ओळ: 'परदेशात जो वेल्डर आहे तो शिरूरमध्ये हेल्पर कसा?' आप्पांना दाखवायला गेले. त्यांनी वाचलं, पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं आणि म्हणाले, "वाटा."

त्यानंतर शेडमधली माणसं फोटोवाल्याकडं रांग लावायला लागली. आपापल्या नंबराशेजारी उभं राहून फोटो. कामगार खात्यात फोटोंचा गठ्ठा गेला. कंपनी भांडली, ठेकेदार बदलला, माझ्यावर दोन तक्रारी झाल्या, गेटवर पोलिसही आले. पण स्टीलमध्ये ठोकलेलं कुणाला पुसता आलं नाही.

सुदामचा व्हिसा आला. गावानं निरोपाचं जेवण केलं. चेअरमन चुलते स्वतः दौंडला गाडी घेऊन गेले आणि आप्पांना आणि काकूंना घेऊन आले. अंगणात बाज टाकली होती. "वर बसा, आप्पा," ते म्हणाले, आणि ते स्वतः खाली सतरंजीवर बसले. सगळा गाव बघत होता. आप्पा बाजेवर बसले, जेवले, दोनदा बासुंदी घेतली. निघताना मला हळूच म्हणाले, "चेअरमनचे जुळवून घेण्याचे गुण वाढवले मी." मंगलनं काकूंची ओटी भरायला घेतली. आपल्यात करतात का हे, म्हणून काकू मागं सरल्या. मंगल म्हणाली, "माझ्यात करत्यात." आणि भरली. पुढच्या वर्षी तीही पोरांना घेऊन गेली.

मला अजून लोक विचारतात, शेवटी तुम्ही माणूस बाहेर घालवलाच की. घालवला. आणि त्या देशानं आयता नेला, याचा मला राग आहेच. पण निदान काय नेतोय हे त्यांनी लिहून दिलं. माझ्या देशानं नऊ वर्षं काय वापरलं ते एक दिवस लिहिलं नाही. आधी त्यांनी लिहिलं, म्हणून इथल्यांना लिहावं लागलं.

लिहिलं तो दिवस सांगते. नवीन ठेकेदाराचं नवीन मस्टर आलं. सकाळची शिफ्ट गेटच्या आत उभी, मी गेटच्या बाहेर, कारण मला आत बंदी. आप्पा पहिल्या एसटीनं आले होते, काळ्या कोटात. मुकादम मस्टर घेऊन उभा राहिला आणि घाईघाईनं, ओठातल्या ओठात वाचत सुटला. नाव, वेल्डर. नाव, वेल्डर. नाव, वेल्डर. कुणी हाक मारल्यावर हात वर करतात तसे माणसांनी हात वर केले, आणि वर केलेले हात खाली घ्यायला काहीजण विसरले. शेवटचं नाव वाचून त्यानं मस्टर मिटलं.

"ओ मुकादम," गेटच्या गजांतून आप्पांनी हाक मारली. "म्हातारा माणूस आहे, ऐकू आलं नाही. जरा पहिल्यापासून वाचा. मोठ्यानं."

आप्पांचे कान माझ्यापेक्षा चांगले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, ते सरळ समोर बघत होते. मुकादमानं साहेबाच्या खिडकीकडं पाहिलं. आतल्या माणसांतला एकही जागचा हलला नाही.

मुकादमानं मस्टर पुन्हा उघडलं, घसा साफ केला, आणि पहिलं नाव घेतलं.